आत्म्याचे वजन, अमळनेरची गिरणी आणि धुळ्याचा तुरुंग

सन १९०७. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हेवरहिल गावचा डॉक्टर डंकन मॅकडूगल याने आपले काही प्रयोग प्रसिद्ध केले. मरणासन्न रुग्णाची खाट त्याने एका मोठ्या तराजूवर ठेवली होती. प्राण जाताना काटा हलतो का, एवढेच त्याला पाहायचे होते. एकूण सहा रुग्ण. त्यांपैकी पहिल्याचे वजन मृत्यूच्या क्षणी पाऊण औंसाने, म्हणजे सुमारे २१ ग्रॅमने घटले, असे त्याने नोंदवले. उरलेल्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. दोन नोंदी तर त्याने स्वतःच बाद ठरवल्या. पुढे पंधरा कुत्र्यांवर हाच प्रयोग केला, तेव्हा काटा जागचा हलला नाही.

ऑगस्टस क्लार्क या दुसऱ्या डॉक्टरने लगेच आक्षेप घेतला. श्वास थांबला की फुफ्फुसांतून रक्त थंड होण्याचे काम थांबते, अंग क्षणभर तापते, घाम सुटतो आणि बाष्पाबरोबर वजन घटते. कुत्र्यांना माणसासारखा अंगभर घाम येत नाही, म्हणून त्यांचा काटा स्थिर राहिला. आक्षेप साधा आणि बिनतोड होता. तरीही ‘आत्मा २१ ग्रॅमचा’ ही दंतकथा शंभर वर्षांनंतरही जिवंत आहे.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९१६ मध्ये, खानदेशातील बोरी नदीकाठच्या अमळनेर गावी आत्म्याचेच स्वरूप शोधण्यासाठी एक संस्था उभी राहिली. मॅकडूगलशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. प्रश्न मात्र तोच होता: आत्मा ही वस्तू आहे का? अमळनेरमध्ये त्याला जे उत्तर मिळत गेले, ते तराजूवाल्या डॉक्टरच्या कल्पनेत बसणारे नव्हते. हा धागा त्या उत्तराचा आणि खानदेशातल्या त्याच्या मागच्यापुढच्या इतिहासाचा.

आधी भाषेकडे पाहू. मराठी माणूस बोलताना जीवाला सरळसरळ वस्तू मानतो. जीव टांगणीला लागतो, भांड्यात पडतो, मुठीत धरावा लागतो, ओवाळून टाकता येतो. प्राण पाखरासारखा उडून जातो आणि मागे कुडी उरते. ही गोष्ट मराठीपुरती नाही. संस्कृत ‘आत्मन्’ आणि श्वास या अर्थाचा जर्मन ‘आटेम’ यांचे नाते भाषाशास्त्रज्ञ दाखवतात. ग्रीकांचा ‘न्यूमा’ आणि लॅटिन ‘स्पिरितुस’ हेही मुळात वारा, श्वास या अर्थाचेच शब्द. स्टोइक तत्त्वज्ञांनी तर आत्मा हे एक सूक्ष्म, उष्ण, पण खरेखुरे भौतिक द्रव्य आहे, असा स्पष्ट सिद्धान्त मांडला होता. सारांश, आत्मा वस्तुरूप मानणे हा अडाणीपणा नव्हे. जगभरची माणसे आधी तोच विचार करतात.

आणि तराजूची कल्पनाही मॅकडूगलची नव्हे. दीघनिकायातील पायासिसुत्तात पायासी नावाचा एक राजन्य आहे. परलोक नाही, मेल्यावर काही उरत नाही, हे त्याचे मत. मत नुसते बोलून दाखवणारा हा गृहस्थ नाही, तो पुरावे गोळा करतो. एका चोराला जिवंतपणी मडक्यात कोंडून, तोंडाला ओले कातडे आणि मातीचा लेप लावून तो भट्टीवर ठेवतो. मडके उघडताना जीव बाहेर पडताना दिसतो का, हे बारकाईने न्याहाळतो. काही दिसत नाही. दुसऱ्या चोराला जिवंतपणी तोलतो, गळा दाबून मारतो आणि पुन्हा तोलतो. प्रेत उलट जड भरते. (या संशोधनात चोरांची संमती कोणी विचारली नाही, हे वेगळे सांगायला नको.)

कुमारकस्सप हा भिक्खू त्याला उत्तर देतो. लोखंडाचा गोळा तापलेला असताना हलका असतो आणि थंडावला की जड होतो, तसेच शरीराचे आहे. आजच्या पदार्थविज्ञानाला हा दृष्टान्त मान्य होणार नाही. त्याचा दुसरा दृष्टान्त मात्र आजही विचार करायला लावतो. राजा, दुपारी डोळा लागतो तेव्हा स्वप्नात तू उद्याने आणि तळी पाहतोस. भोवतीच्या दासींना तुझा जीव आत-बाहेर करताना दिसतो का? जैनांच्या ‘रायपसेणिय’ या आगमात हीच कथा पएसी राजा आणि केशी श्रमण यांच्या नावाने येते. तिथे दोन्ही वजने सारखीच भरतात, आणि केशी श्रमण हवा भरलेल्या व रिकाम्या पिशवीचा दाखला देतात. एकच प्रयोग, दोन पंथांनी जपलेला आणि निकाल वेगवेगळे.

गंमत अशी की पायासीला उत्तर देणारा भिक्खू स्वतः नित्य आत्मा मानणाऱ्यांतला नाही. बौद्धांचा पक्षच अनात्मवादाचा. खानदेशच्या दक्षिण सीमेवर, डोंगर ओलांडताच, अजिंठ्याच्या १७व्या लेण्याच्या व्हरांड्यात भवचक्राचे चित्र आहे. ते वाकाटककालीन, इसवी सनाच्या पाचव्या शतकातले. आज ते बरेच झिजले आहे. जन्म-मरणाचे चाक फिरते आहे, पण एका जन्मातून दुसऱ्यात जाणारी कोणतीही ‘वस्तू’ नाही. एका दिव्याने दुसरा दिवा लागावा, तसा हा प्रवास. दिवा दुसऱ्याला काही देतो, पण ज्योत उचलून देत नाही.

चाळीसगावजवळच्या पाटणच्या डोंगरात ‘नागार्जुनाची कोठडी’ म्हणतात ते जैन लेणे आहे. नाव बौद्ध आचार्याचे आणि लेणे जैनांचे. लोकांची स्मृती अशी सरमिसळ करतेच. जैनांचा पक्ष मात्र बौद्धांच्या अगदी विरुद्ध. त्यांच्या मते जीव हे द्रव्य आहे, आणि तो ज्या देहात असेल त्या देहाच्या आकाराचा असतो. मुंगीत मुंगीएवढा, हत्तीत हत्तीएवढा, जसा दिव्याचा प्रकाश खोलीएवढा होतो तसा. तो जड मात्र नाही. जड आहे ते कर्म. कर्म म्हणजे पुद्गलाचे, अर्थात भौतिक द्रव्याचे सूक्ष्म कण, आणि ते जीवाला धुळीसारखे चिकटतात. जगाच्या पाठीवर पाप-पुण्याला इतके उघडपणे पदार्थ मानणारे दर्शन दुसरे क्वचितच सापडेल.

इथे एक गाठ सोडवून ठेवली पाहिजे, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. आपल्या दर्शनांत ‘द्रव्य’ आणि ‘जड’ हे दोन वेगळे शब्द आहेत. वैशेषिकांनी नऊ द्रव्ये सांगितली: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, काल, दिक्, आत्मा आणि मन. म्हणजे आत्मा द्रव्य खरा, पण भौतिक नव्हे. सांख्यांनी रेघ आणखी आत ओढली. त्यांच्या मते शरीर तर जड आहेच, पण मन, बुद्धी आणि अहंकारही प्रकृतीचे विकार, म्हणून जडच. मेल्यावर एका देहातून दुसऱ्या देहात जाते ते सूक्ष्म शरीर, आणि तेही जडच. पुरुष कुठेही जात नाही. वेदान्त्यांनीही हाच ढाचा बहुतांशी उचलला.

याचा अर्थ काय होतो? फ्रान्सच्या देकार्तने सतराव्या शतकात एका बाजूला देह आणि दुसऱ्या बाजूला विचार करणारे मन अशी फाळणी केली. युरोपातला नंतरचा सगळा वाद त्या रेघेवर चालला. सांख्य आणि वेदान्त यांच्या नकाशावर देकार्तचे मनसुद्धा जडाच्याच बाजूला पडते. उद्या एखाद्या अतिसूक्ष्म तराजूने मरताना ‘काहीतरी’ निघून गेल्याचे खरोखर सिद्ध झाले, तरी वेदान्ती शांतपणे म्हणेल, ते सूक्ष्म शरीर असेल, आत्मा नव्हे. आणि चार्वाक म्हणेल, काहीच गेलेले नाही. धान्य आंबले की त्यातून मद्याची झिंग उत्पन्न होते, तसे चार भूतांच्या मिश्रणातून चैतन्य झाले होते, मिश्रण बिघडले आणि ते संपले. चार्वाकाला हसणे सोपे आहे, खोडणे अवघड. शंकराचार्यांनीसुद्धा ब्रह्मसूत्रभाष्यात त्याच्यासाठी स्वतंत्र अधिकरण खर्ची घातले, ते उगीच नव्हे.

खानदेशच्या लोकस्मृतीत हा वाद एका गोष्टीच्या रूपाने वावरतो. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव नावाचे गाव आहे, तिथे चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे. आख्यायिका म्हणते, योगबळाने हा सिद्ध चौदाशे वर्षे जगला. मृत्यू जवळ आला की प्राण मस्तकी चढवून बसायचा आणि वेळ टळली की पुन्हा देहात यायचा. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला, तर मायना सुचेना, वयाने वडील म्हणावे की ज्ञानाने? म्हणून कोराच कागद पाठवला. त्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणजे पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’. चौदाशे वर्षांचा हिशेब कोणी इतिहास म्हणून सांगू नये. पण गोष्टीची रचना पाहण्यासारखी आहे. ज्याने प्राणाला सांभाळून ठेवण्याजोगी वस्तू मानले आणि ती वस्तू शतकानुशतके जपली, त्याला उत्तर मिळाले ते असे: पाहणारा आणि दिसणारे ही दोन नाहीतच, मग सांभाळणार कोण आणि काय? त्याच मुलखात महानुभावांचे अनुयायीही मोठ्या संख्येने आहेत. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही नित्य आणि कायम वेगळे, असा त्यांचा सिद्धान्त. ज्ञानदेवांच्या ओव्या त्यांना पटणाऱ्या नव्हेत.

आता अमळनेरला परत येऊ. गावाची ओळख आधीपासून सखाराम महाराजांच्या वारकरी संस्थानाने होती. विसाव्या शतकात तीत गिरणीची भर पडली. गिरणीचे मालक श्रीमंत मोतीलाल माणेकचंद, म्हणजेच प्रतापशेठ. कापसाच्या मुलखातला हा धनिक वेदान्ताच्या नादी लागला, तो केवळ कीर्तनापुरता नव्हे. मुंबईच्या शेठ वल्लभदासांच्या साथीने त्याने तत्त्वज्ञान मंदिर उभारले. अद्वैताचा अभ्यास आधुनिक, तुलनात्मक पद्धतीने व्हावा, देशभरच्या विद्वानांनी इथे राहून संशोधन करावे आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय संस्थेने करावी, अशी योजना होती. विद्यापीठापासून दूर, एका तालुक्याच्या गावी. आजही कोणी असे काही सुचवले तर लोक वेड्यात काढतील.

माणसे आली. सिंधमधून घनश्यामदास रतनमल मलकानी आले आणि आयुष्यभर या संस्थेचे होऊन राहिले. रासबिहारी दास आणि धीरेंद्रमोहन दत्त बंगालमधून आले, टी. आर. व्ही. मूर्ती दक्षिणेतले. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक इथून निघू लागले. मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून १९३३ मध्ये ‘अज्ञान’ नावाचे पुस्तक केले. त्यात तिघांनी अज्ञान या एकाच संकल्पनेवर आपापली वेगळी मते मांडली. एकाच छताखाली राहून एकमेकांशी असहमत असणे आणि ते एकत्र छापणे हीच या संस्थेची खरी कमाई होय. पुढे मूर्तींनी बौद्ध माध्यमिक दर्शनावर १९५५ मध्ये जो ग्रंथ लिहिला तो त्या विषयातला मैलाचा दगड ठरला. अद्वैताच्या घरात वावरलेला विद्वान शून्यवादाचा भाष्यकार झाला.

परंतु अमळनेरने प्रकाशित केलेल्या ग्रंथांत सर्वांत लहान आणि सर्वांत अवघड ग्रंथ आहे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’. साल १९३०. भट्टाचार्य १९३३ ते ३५ या काळात या संस्थेचे संचालकही होते. आत्मा भौतिक आहे का, या प्रश्नाला त्यांनी दिलेले वळण थोडक्यात असे.

‘हा’ म्हटले की बोलणारा आणि ऐकणारा दोघेही एकाच वस्तूकडे पाहू शकतात. ‘हा आंबा’, ‘ही भिंत’. पण ‘मी’ या शब्दाचे तसे नाही. गणपत ‘मी’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्या सखूला गणपत कळतो. पण सखूने स्वतः ‘मी’ म्हटले तर तो अर्थ उरत नाही. ‘मी’ हा शब्द कोणत्याही वस्तूला चिकटवता येत नाही, तो उच्चारावाच लागतो. म्हणून आत्मा कोणती वस्तू आहे, स्थूल की सूक्ष्म, जड की अजड, हा प्रश्न विचारतानाच चूक होते. ज्याला वस्तू होणेच शक्य नाही, त्याचे वजन विचारण्यासारखे ते आहे.

म्हणून ते देहाला तुच्छ लेखून थेट आत्म्याकडे उडी मारतात का? मुळीच नाही, आणि इथेच त्यांचे वेगळेपण आहे. त्यांचा आरंभच देहापासून होतो. स्वतःचा देह हीदेखील जगातली एक वस्तू आहे, पण बाकी सगळ्या वस्तू जवळ की दूर, डावीकडे की उजवीकडे, हे त्या देहाच्या संदर्भानेच ठरते. शिवाय डोळे मिटले तरी तो आतून जाणवतो. बाहेरून दिसणारा देह आणि आतून जाणवणारा देह यांच्यामधली ती अगदी बारीक फट ही स्वातंत्र्याची पहिली पायरी. त्यापुढे प्रतिमा, मग विचार, मग भावना, मग आत्मनिरीक्षण, अशा पायऱ्या चढत ‘मी’ प्रत्येक ठिकाणी काहीतरी वस्तुरूप मागे टाकत जातो. शेवटी जे उरते त्याला भट्टाचार्य द्रव्य म्हणत नाहीत, स्वातंत्र्य म्हणतात. फ्रान्सच्या मेर्लो-पाँतीचा जाणवणाऱ्या देहावरचा प्रसिद्ध ग्रंथ १९४५ मधला आहे. त्याच्या पंधरा वर्षे आधी या विषयाचे एक बारीक विश्लेषण अमळनेरच्या शिक्क्यानिशी बाहेर पडले होते, हे खानदेशातल्या तरुणांनाही क्वचितच सांगितले जाते.

या विचाराची कमजोर बाजूही आहे. चार्वाक आणि आजचा मेंदूशास्त्रज्ञ एकाच सुरात विचारतील, ‘मी’ वस्तू म्हणून हाती लागत नाही, एवढ्यावरून मेंदू बंद पडल्यावर ‘मी’ उरतो हे कसे सिद्ध झाले? भट्टाचार्यांच्या युक्तिवादातून ते सिद्ध होत नाही. दिसण्याचा आणि असण्याचा हिशेब वेगळा आहे. अमळनेरच्या वादाचा धागा इथे येऊन अडतो आणि प्रामाणिक वाचकाने तो तिथे अडलेला पाहावा.

याच अमळनेरात एक तरुण तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आला आणि १९२४ पासून गावच्या शाळेत शिक्षक झाला. पांडुरंग सदाशिव साने. १९३० मध्ये नोकरी सोडून तो सत्याग्रहात उतरला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते आणि साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी गीतेवर अठरा प्रवचने विनोबांनी कैद्यांसमोर दिली. गुरुजींनी ती भराभर उतरून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला. दुसऱ्या अध्यायावर बोलताना विनोबांनी तीन सूत्रे काढली: आत्म्याची अमरता आणि अखंडता, देहाची क्षुद्रता आणि स्वधर्माची अबाध्यता.

अमळनेरमध्ये जो विषय त्रैमासिकाच्या पानांवर होता, तो धुळ्यात गजांआड होता. गीतेच्या त्या अध्यायात आत्म्याची जी वर्णने आहेत, ती जवळजवळ सगळी नकारात्मक आहेत. शस्त्राने न तुटणारा, आगीने न जळणारा, पाण्याने न भिजणारा, वाऱ्याने न सुकणारा. म्हणजे चार भूतांची एकेक परीक्षा घेऊन प्रत्येकात नापास केलेला. ज्याच्या पाठीवर उद्या लाठी बसू शकते, त्या कैद्याने हे ऐकणे आणि खुर्चीवर बसलेल्या विद्वानाने ते वाचणे यांत फरक आहे. देह सरकारच्या ताब्यात असताना सरकारच्या ताब्यात नसलेले काही आहे का, एवढाच तो प्रश्न उरतो.

गुरुजींनी तो प्रश्न आणखी एका जागी नेला. ‘भारतीय संस्कृती’ या पुस्तकाचा प्रारंभच त्यांनी अद्वैतापासून केला आहे, आणि त्यांचा राग स्वकीयांवर आहे. आत्मा देहाहून निराळा आणि सर्वांत एकच, असे म्हणणाऱ्या समाजाने विटाळ मात्र देहाच्या स्पर्शाला चिकटवला. आत्मा भौतिक नसेल, तर स्पर्शाने बाटते ते काय? मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दरवाजे अस्पृश्यांना उघडावेत म्हणून त्यांनी केलेले उपोषण हे या प्रश्नाचे त्यांचे उत्तर होते.

पण ज्यांच्या वाट्याला तो विटाळ आला होता, त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या विचारवंताने वेगळेच उत्तर निवडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही दरवर्षी तिथे लोक जमतात. त्यांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रकाशित झाला. त्यात त्यांनी आत्म्याचे अस्तित्व साफ नाकारले. पुनर्जन्म मात्र त्यांनी एका वेगळ्या अर्थाने ठेवला: आत्म्याचा पुनर्जन्म नाही, देह ज्या भूतांचा बनला ती भूते विखुरतात, विश्वातल्या भूतांत मिसळतात आणि पुन्हा एकत्र येतात. आत्मा नाही, पण द्रव्य नष्ट होत नाही.

दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून पाहाव्यात. अमळनेरच्या पक्षात द्रव्य गौण आणि आत्मा द्रव्य नाही म्हणून तो मुक्त. आंबेडकरांच्या पक्षात उरते ते द्रव्यच आणि आत्मा नाही म्हणूनच माणूस मुक्त. कारण मागच्या जन्मीच्या आत्म्याचे कर्म या जन्मीच्या जातीला कारण आहे, हे सांगायला मग कोणाकडे काही शिल्लक राहत नाही. एकाने तो पाश वस्तू मानण्यात पाहिला, दुसऱ्याने आत्मा मानण्यात.

मलकानींचा ‘मेटाफिजिक्स ऑफ अद्वैत वेदान्त’ हा ग्रंथ अमळनेरहून १९६१ मध्ये निघाला, आंबेडकरांच्या ग्रंथानंतर चार वर्षांनी. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ पुढे बंद पडले आणि १९७३ पासून पुणे विद्यापीठातून ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या नावाने ते नव्याने सुरू झाले. त्याच्या अंकांवर विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाशेजारी अमळनेरच्या प्रताप तत्त्वज्ञान केंद्राचेही नाव छापले जाई.